जोडहोडीनं माहेरी

रत्नागिरीहून बुरोंडीला जायला तेव्हा एसटीनं सबंध दिवस लागायचा. समुद्राच्या कडेनं सरळ रेघ मारली तर अंतर काही फार नाही. पण वाटेत जयगडची खाडी, पुढे दाभोळची खाडी, आणि पूल कुठेच नाही. म्हणून गाडी आधी समुद्राकडे पाठ फिरवून हातखंब्याला जायची, मग संगमेश्वर, चिपळूण, खेड असा मोठा वळसा घेऊन पुन्हा दापोलीला उतरायची. तिथून बुरोंडीची दुसरी गाडी. दीड वर्षाची असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. एसटीच्या बाकात तो पाय दुमडता यायचा नाही आणि सरळही ठेवता यायचा नाही. माहेरी पोचले की पहिला दिवस पाय शेकण्यातच जायचा.

बुरोंडीला वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. माझी भावंडं कोळ्यांच्या मुलांबरोबर होडीत बसून नांगरलेल्या मचव्यांपर्यंत जायची आणि मी वाळूत सगळ्यांच्या चपला राखत बसायची. वडील दुष्ट नव्हते. त्यांना भीती वाटायची. “होडीत तोल लागतो गो,” एवढंच म्हणायचे. मलाही ते पटलेलं होतं.

लग्न होऊन रत्नागिरीला आले ती भाट्याच्या खाडीकाठच्या घरात. माझे यजमान गावातल्या तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून इथेही ‘हे’ असंच लिहिते. मी घरी शिवणाचे क्लास घ्यायची. सासूबाई आमच्याजवळ. यांना समुद्राचं वेड होतं आणि पोहण्यापलीकडे ते भागवायचा मार्ग नव्हता. यांचा एक मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की परदेशी शिडांच्या होड्यांची मासिकं आणायचा. हे ती चहाबरोबर, जेवणाबरोबर, आजारपणात, सगळीकडे वाचायचे. एक दिवस म्हणाले, “आपण आपली होडी बांधायची. लांबच्या प्रवासाची. आत झोपता येईल, चूल पेटवता येईल अशी.”

ऐंशीचं साल उलटून वर्ष दोन वर्षं झाली होती. आमच्याकडे स्कूटरही नव्हती.

यांच्या मनात होती ती एकाच पोटाची, तळाशी खोल जड पातं असलेली होडी. चित्रात ती वाऱ्यावर एका अंगावर झुकून धावत असायची आणि ते झुकणं बघून यांचे डोळे चमकायचे. त्याची चव मला दाखवावी म्हणून एका ओळखीच्या मच्छीमाराच्या शिडाच्या होडीतून हे मला खाडीच्या तोंडापर्यंत घेऊन गेले. वारा भरला, होडी कलली, आणि मी या बाजूची त्या बाजूला घसरत गेले. कॅलिपर फळीवर आपटला. पुढचा अर्धा तास मी दोन्ही हातांनी काठ धरून बसले. हातांना वळ उठले. किनाऱ्याला आल्यावर मी म्हणाले, “तुम्ही बांधा तुमची होडी. मी काठावरून हात करीन.”

 त्या दिवसापासून होडीचा विषय घरात निघेना. ते मला जास्तच लागलं.

मग एका दुपारी मीच ती मासिकं चाळायला बसले. इंग्रजी मला बेतास बात. मी चित्रं बघत होते. एका पानावर दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, अंतर राखून, वरून तुळयांनी जोडलेल्या, आणि मध्ये ऐसपैस फळ्यांचं अंगण. वर शिडं फुगलेली, बाजूला पाणी कापलं जातंय, आणि त्या अंगणात एक बाई दोरीवर कपडे वाळत घालतेय. दोन्ही हातांनी.

मी ते चित्र किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. उभी असताना माझा एक हात नेहमी भिंतीला, खांबाला, काठीला. दोन्ही हात मोकळे म्हणजे काय हे ज्याला कायम मिळतं त्याला सांगून कळायचं नाही. हे शाळेतून आल्यावर मी पान उघडून समोर ठेवलं.

“ही बांधायची असेल तर मी येते.”

हे हसले. मग वाचू लागले, आणि वाचता वाचता हसू गेलं. “अगं, हिला दीड फूट पाणी पुरतं,” स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आपल्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे. खोल पात्याची होडी ओहोटीला अडकणारच. ही वाळूवर बसेल.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण दिसायला...”

“दिसायला मीही बेताचीच आहे. केलंत ना लग्न?”

सुतारकामाचे मास्तर शब्दावर विश्वास ठेवायचे नाहीत. यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची हातभर लांबीची दोन मॉडेलं केली, एक एकेरी आणि एक जोडीची. एका रविवारी आम्ही ती भाट्याला नेली, प्रत्येकीवर पाण्यानं भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि छोट्या लाटांवर सोडली. एकेरीवरचं फुलपात्र तिसऱ्या लाटेला गेलं. जोडीवरचं किनाऱ्यापर्यंत आलं, थोडं सांडून.

हे सगळं एक म्हातारा माणूस उकिडवा बसून बघत होता. खाडीकाठच्या मच्छीमारांच्या राजिवड्यातला, होड्या बांधणारा मिस्त्री. या काठावर त्याच्या हातच्या होड्या मोजायला गेलं तर दिवस सरेल, असा त्याचा लौकिक. सगळा गाव त्याला चाचा म्हणायचा.

“मास्तर, खेळणा छान हाय,” चाचा म्हणाला. “पण एक सांगू? साधी होडी कलंडली तर लाट गेल्यावर उठून बसते. तिचं वजन खाली असतं. तुमची ही जोडहोडी नीट असली तर नीट. पण एकदा का पालथी झाली, तर पालथीच राहील. तिला सुलटी करणारा कोणी जन्माला आला नाय.”

ते खरं होतं. मासिकातही तेच लिहिलं होतं, फक्त बारीक टाइपात.

“मग पालथी होऊ द्यायची नाही,” मी म्हणाले.

चाचानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. “बरोबर बोललीस पोरी,” म्हणाला. “सगळी अक्कल तेवढीच हाय.”

जोडहोडीच्या बांधणीचे नकाशे मागवले, ते परदेशातून टपालानं यायला दोन महिने लागले. आले तेव्हा सासूबाईंनी ती गुंडाळी बघून विचारलं, “वॉलपेपर मागवलास की काय रे?” सत्तावीस फूट लांब, चौदा फूट रुंद. प्रत्येक पोटात, म्हणजे जोडीतल्या एकेका होडीत, एक बिछाना, एका पोटात स्वयंपाकाची जागा. भिंतीवर नकाशे लावले आणि सहा महिने आमच्या घरात देवाच्या तसबिरीपेक्षा जास्त वेळा लोक त्यांच्यापुढे उभे राहिले.

पहिली परीक्षा प्लायवूडची. समुद्राच्या पाण्यात टिकणारा प्लाय हवा, आणि दुकानदार म्हणाला की हाच तो. नकाशाबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की तुकडा चार तास उकळा, पदर सुटला नाही तर खरा. मी भाताचं मोठं तपेलं काढलं आणि चुलीवर प्लायचे तुकडे शिजत घातले. दुपारी सासूबाईंनी झाकण उघडलं.

“अगो, आज जेवायला फळकुटं?”

तीन तासांत त्या तुकड्यांचे पदर पिंपळाच्या पानासारखे सुटून आले. हे तसेच ते ओले तुकडे फडक्यात बांधून दुकानात घेऊन गेले. दुसऱ्यांदा मागवलेला माल मुंबईहून आला, तोही शिजवला. चार तास, मग माझ्या हट्टासाठी आणखी दोन. एक पदर हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, “आता हा कच्चाच राहणार. चढवा होडीला.”

घरापुढच्या खळ्यात माडाच्या झापांचा लांब मांडव घातला. शाळा सुटली की हे मांडवात. मी क्लास आटोपून मांडवात. मला वाटलं होतं माझं काम बघण्याचं असेल. पण सुताराला चार हात लागतात आणि आम्हांला मजूर परवडणारा नव्हता. मी स्टुलावर बसून फळ्यांच्या कडांना रंधा मारायला शिकले, तांब्याचे खिळे ठोकायला शिकले. दोन डब्यांतला गोंद सम प्रमाणात कालवायचं काम तर माझंच झालं. लाडवाचा पाक ज्याला कळतो त्याला तो गोंद कळतो. अर्ध्या तासात घट्ट होतो, आधी वापरला तर ओघळतो, उशीर केला तर डब्यातच दगड.

पावसाळ्यात तो गोंद सुकेना. हवेला बुरा आल्यासारखी ओल. जोडावर बोट ठेवलं तर चिकट. एका मोठ्या जोडाला दोन दिवसांनी हात लावला तर तो चक्क उघडला. हे डोकं धरून मांडवात बसले. यांना असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. “दहा फुटांचा जोड,” म्हणाले. “समुद्रात उघडला असता तर?”

मी घरात गेले आणि माझी कोळशाची इस्त्री पेटवून आणली. जोड खरवडून पुन्हा कोरडा केला, लाकडावर पोतं टाकून इस्त्रीनं ऊब दिली, मग गोंद लावला, शिकंजे आवळले, आणि वरून पुन्हा इस्त्री, हळूहळू, रेशमी साडीला फिरवावी तशी. दुसऱ्या दिवशी यांनी त्यावर हातोडा मारून बघितला. बाजूचं लाकूड दबलं, जोड नाही. त्या पावसाळ्यात मी होडीचा प्रत्येक इंच इस्त्री केला, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

चाचा अधूनमधून यायचा. मांडवाच्या खांबाला टेकून विडी ओढत बघायचा, काही बोलायचा नाही. दोन्ही पोटं तयार होऊन आता त्यांना तुळयांनी जोडायची वेळ आली, तेव्हा बोलला. नकाशात लिहिलं होतं की तुळया दोरानं आवळून बांधा. यांना ते पटत नव्हतं. हे जाड लोखंडी बोल्ट करून घ्यायच्या विचारात होते.

“कागदात काय लिवलंय?” चाचानं विचारलं.

“दोर.”

“कागदवाला शहाणा हाय,” चाचा म्हणाला आणि आत येऊन पहिल्यांदा होडीला हात लावला. “माझा आजा सांगायचा, जुन्या लोकांनी गलबतं दोरानं शिवली, खिळा न लावता. लाटेत लाकूड हलतं. खिळा त्याला हलू देत नाय, मग लाकूडच फाटतं. दोर थोडा ढिला होतो, पुन्हा आवळता येतो. बोल्टाचं भोक मोठं झालं तर काय आवळशील, मास्तर?”

मग तो रोज यायला लागला. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, “मला मरायच्या आधी बघायचंय, ही चालते की नाय.” बांधण्या त्यानं केल्या. एकेका सांध्याला कितीतरी फेरे, प्रत्येक फेरा पाय लावून ओढलेला. यांनी चाचाच्या हाताखाली वर्गातल्या पोरासारखं काम केलं आणि मला ते बघायला फार आवडलं.

शिडं माझी. जाड कॅनव्हास खळ्यात अंथरला की खळं पुरायचं नाही. क्लासच्या सात बायका कापड धरायला, जणू किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतायत, आणि मी पायमशीनवर. उजवा पाय माझा दोघांचं काम करायचा. सुया मोडल्या किती ते विचारू नका. वारा वाढला की शीड खालून गुंडाळून लहान करता यावं म्हणून त्यात आडव्या दोऱ्यांच्या रांगा असतात. नकाशात दोन होत्या. मी तीन शिवल्या.

“तिसरी कशाला?” यांनी विचारलं.

“चाचा काय म्हणाला ते विसरलात?”

दुसऱ्या दिवाळीनंतर होडी तयार झाली आणि मग घरातल्या सगळ्यांना एकदमच लक्षात आलं की ती बाहेर काढायची कुठून. आमच्या घरापासून खाडीपर्यंत पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची अरुंद वाट, तीत दोन काटकोनी वळणं. चौदा फूट रुंदीचा प्रश्न नव्हता. जोडहोडी सोडवून दोन पोटं वेगळी नेता येणार होती. पण सत्तावीस फूट लांब पोट त्या वळणात फिरणार नव्हतं. सरळ वाट एकच, शेजाऱ्याच्या माडांच्या वाडीतून. आणि मध्ये गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. त्या शेजाऱ्यांचं आणि सासूबाईंचं हद्दीवरून बिनसलेलं होतं. माझ्या लग्नाआधीपासून बोलणं नव्हतं.

हे म्हणाले, “मी जातो.”

“तू नको,” सासूबाई म्हणाल्या. “भांडण माझं आहे.”

त्या गेल्या आणि मी गडग्याच्या या बाजूला उभी राहिले. शेजारी ओट्यावर बसले होते. सासूबाईंनी प्रस्तावना केलीच नाही. “होडी न्यायची आहे. गडगा काढावा लागेल,” म्हणाल्या.

 शेजारी एकदम चिडून म्हणाले, “दोन वर्षं ठोकठोक ऐकतोय मी इथे बसून! सगळा राजिवडा येऊन बघून जातो. मला एकदा तरी कोणी म्हटलंत, या, बघा म्हणून?”

सासूबाई गोंधळल्या. मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होते. “मग या की,” म्हणाल्या.

“येतोच,” म्हणून ते खरंच उठले, गडग्यावर पाय टाकून आमच्या खळ्यात उतरले आणि तासभर होडीच्या आत-बाहेर करत राहिले. बिछान्यावर आडवे पडूनही बघितलं. जाताना म्हणाले, “गडगा मी माझ्या हातानं काढीन. पुन्हा रचायचा मात्र मास्तरांनी.”

उधाणाच्या भरतीचा दिवस धरला. राजिवड्यातून चाळीसएक माणसं आली. वीस या अंगाला, वीस त्या अंगाला, चाचा पुढे उलटा चालत. “हेईसा!” म्हणून एक पोट उचललं आणि ते माडांतून असं गेलं, जणू त्याला पाय फुटले. मग दुसरं. सासूबाईंनी खाडीकाठी नारळ फोडला. चिखलात गुडघाभर उभं राहून चाचानं आणि यांनी तुळया पुन्हा बांधल्या. भरती चढली आणि जोडहोडी कोणाला न विचारता उचलली गेली. काठावर एकच आरडाओरडा. मी वर चढले. शिडी होती, धरायला कठडा होता. मध्ये फळ्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले आणि मग कठडा सोडला. डावा हात, उजवा हात. होडी थोडी डुलत होती, मी पण. पडले नाही. काठावर शेजारी जोरजोरानं टाळ्या वाजवत होते आणि सासूबाई त्यांना काहीतरी समजावून सांगत होत्या, बहुतेक ही होडी कशी बांधली ते.

बंदराच्या कचेरीत नोंदणीला गेलो तर कारकुनानं फॉर्म समोर ओढला. “होड्या किती? एक की दोन?” हे म्हणाले एक. त्यानं फोटो बघितला. “दोन दिसतायत.” शेवटी साहेब बाहेर आले, त्यांनी फोटो उलटसुलट केला आणि म्हणाले, “शिडं एकत्र चालतात ना? मग एक.”

डिसेंबरभर आम्ही खाडीच्या तोंडाबाहेर सराव केला. सुकाणू मी धरायची. ते काम बसून करायचं, आणि शिडाचे दोर ओढायला धावपळ करावी लागते ती यांनी करायची. आठवडाभरात मला कळलं की हातातल्या लाकडातून होडी बोलते. यांना ते कळायला वेळ लागला, कारण हे सारखे शिडाकडे बघायचे.

जानेवारीत मी वडिलांना कार्ड टाकलं, “येत्या आठवड्यात समुद्रानं येतो.” नंतर कळलं की त्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि आईला म्हणाले, लिहिताना चूक झालीय, ‘सोमवारी’ म्हणायचं असेल.

आम्ही तिघं निघालो, मी, हे आणि चाचा. चाचा आपली पथारी घेऊन आधीच येऊन बसला होता. त्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून समोरचा. म्हणून उजाडता निघायचं, दुपारपर्यंत एखादी खाडी गाठायची. पहिल्या दिवशी मालगुंडचा किनारा उजवीकडून सरकत गेला. सुरूची झाडं, वाळू, धुरकट डोंगर. मी आयुष्यात कोकण नेहमी आतून बघितलेलं. बाहेरून ते असं शांत दिसतं हे माहीत नव्हतं. मी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं भाकरी खाल्ली. दुपारी जयगडच्या खाडीत नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती वेळ आली. किनाऱ्यानं उत्तरेला जाताना मध्येच डोंगरांत एक दरी उघडते. तिच्यासमोर आलो आणि मतलई वारा एकदम त्या दरीतून सुटला, जणू कोणी दार उघडलं. होडी उधळली. दोन्ही नाळांवरून, पुढच्या टोकांवरून, पाण्याचे पंखे उडायला लागले. हे आनंदानं ओरडले, “बघ! बघ काय पळतेय!”

माझ्या हातातलं सुकाणू हलकं झालं. उजवीकडचं पोट, जमिनीकडचं, पाण्यात पूर्वीसारखं बसलं नव्हतं.

“शीड कमी करा,” मी म्हणाले.

“अगं, असा वेग पुन्हा मिळणार नाही!”

“उजवी बाजू उचलतेय.”

“कुठे उचलतेय? मला तर...”

पुढचा झोत मी पाण्यावर येताना बघितला. काळा पट्टा, सरळ आमच्याकडे. वाद घालायला वेळ नव्हता. शिडाचा मुख्य दोर माझ्या शेजारच्या खुंटीला होता. मी तो सोडला. शीड दाणकन फडफडलं, यांच्या अंगावरून दोर सपकन गेला. त्याच क्षणी उजवं पोट, जे खरंच हातभर वर आलं होतं, धप्पकन पाण्यात बसलं. तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला. हे पांढरेफटक पडले.

चाचा उठला. “मास्तर, बाईचं ऐका,” एवढंच म्हणाला. “सुकाणू तिच्या हातात हाय.”

दोघांनी शीड खाली ओढून दोऱ्यांच्या पहिल्या रांगेला बांधलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एवढंसं उरलं, परकराएवढं. मी दोर पुन्हा आवळला. होडी सावरून चालू लागली, तरीही चांगल्या वेगानं, दोन्ही पोटं पाण्यात घट्ट. त्या दरीसमोरून पार होईपर्यंत तसे चार-पाच झोत आले आणि होडीनं एकालाही भीक घातली नाही. हे माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, “तुला कसं कळलं?”

“एक पाय उचलला जाताना कसं वाटतं ते मला नाही कळणार तर कोणाला?”

चाचा एवढा हसला की त्याला ठसका लागला. दुपारी दाभोळच्या खाडीत शिरलो तेव्हा तो नाळेवर उभा राहून दिसेल त्या मचव्याला ओरडून सांगत होता, “रत्नागिरीची हाय! आमची हाय!”

तिसऱ्या दिवशी उन्हं वर येता येता बुरोंडी दिसली. भरती नुकतीच उतरायला लागली होती. किनाऱ्यावर गर्दी होती, आणि आम्ही जवळ जातो तशी ती कमी होऊ लागली. नंतर कळलं की एवढी विचित्र होडी म्हणजे कस्टमवाल्यांची असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि ज्यांना काम आठवलं ते घरी गेले. उरलेल्यांत छत्री घेतलेले एक गृहस्थ होते.

लाटा लहान होत्या. मी नाळा सरळ किनाऱ्यावर रोखल्या, यांनी शीड उतरवलं. शेवटच्या लाटेनं आम्हांला उचलून अलगद वाळूवर टेकवलं. सरकन आवाज आला आणि हालचाल थांबली. पाणी मागे जात राहिलं. पाऊण तासात जोडहोडी कोरड्या वाळूत उभी होती, पाटासारखी सपाट. मी कॅलिपर आवळला, शिडी धरली आणि माझी मी खाली उतरले.

वडील छत्री मिटायचं विसरले होते. होडीकडे, चाचाकडे, यांच्याकडे बघून झालं, मग माझ्याकडे.

“कोणी आणलं गो तुला?”

“मीच आणलं,” मी म्हणाले. “यांनाही आणि चाचांनाही.”

त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली.    छत्री माझ्या हातात देऊन वडील होडीभोवती फिरून आले, एकेका बांधणीला हात लावत. मग खाली वाळूत बसले आणि रडले. चाचा त्यांच्याशेजारी बसला आणि त्यांना विडी दिली. वडिलांनी जन्मात विडी ओढली नव्हती. ती त्यांनी ओढली.

चार दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला होडी तरंगली तेव्हा कोळीवाड्यातल्या बायका किनाऱ्यावर उभ्या होत्या. लहानपणापासून ओळखीच्या. नवरे, मुलगे, बाप सगळे समुद्रावर. या मात्र मासळी घ्यायला काठापर्यंत यायच्या आणि टोपली घेऊन बाजाराला. त्यांतली सगळ्यात म्हातारी मला म्हणाली, “आमी समुद्राचंच खातो, पण मी कदी बाहेर गेलेलं नाय.”

“चला,” मी म्हणाले.

पहिल्या खेपेला आठजणी आल्या. केसांत अबोलीचे वळेसर, काष्टे घट्ट. आधी सगळ्या मध्ये चिकटून बसल्या, मग एकेक करून कडेला गेल्या, मग उभ्या राहिल्या. किनारा लांब गेला. बायका किनाऱ्याकडे बोट दाखवून स्वतःची घरं ओळखत होत्या आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. त्या म्हातारीनं काहीच बघितलं नाही. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि सुकाणूवर हात ठेवला.

“दे बघू,” म्हणाली.

मी दिलं. तिनं उत्तरेला, हर्णैच्या बाजूला नाळा वळवल्या, डोळे बारीक केले, आणि पुढचा तासभर कोणी कितीही मागितलं तरी सोडलं नाही.